‘शाळा’ दाखवून चर्चा घ्यायची आहे: पुस्तक वाचलेले नाराज, न वाचलेले खूश, असं का होतं?

वाचनकट्टा:
वाचनालयातर्फे ‘शाळा’ हा सिनेमा दाखवून त्यावर तासभर चर्चा ठेवायची आहे. साधारण ४० माणसं येतील. त्यातल्या निम्म्यांनी मिलिंद बोकिलांची कादंबरी वाचलेली आहे, काहींची तर पारायणं झाली आहेत. उरलेले फक्त सिनेमा बघायला येणार.

या सिनेमाबद्दल लोक काय म्हणतात ते वाचायला घेतलं की दोन टोकं दिसतात. न वाचलेले म्हणतात, असा सिनेमा मराठीत झाला नाही. वाचलेले म्हणतात, चांगला आहे, पण ‘ती’ शाळा नाही. ‘ती’ म्हणजे नक्की काय, हे मात्र कुणी सांगत नाही. पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, म्हणजे रूपांतर कच्चं आहे असंही म्हणता येत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही नाराजी नेमकी कशातून येते? आणि ‘पुस्तकच भारी’ या एका वाक्यावर चर्चा बसू नये म्हणून काय करावं?

समासातली नोंद:
नाराजी गाळलेल्या प्रसंगांबद्दल असते असं वाटतं, पण माझ्या मते ती मुकुंदच्या आवाजाबद्दल असते.

कादंबरी अख्खी मुकुंद जोशीच्या तोंडून आहे. नववीतला मुलगा, १९७५ची आणीबाणी, चित्र्या, सुऱ्या, फावड्या ही टोळी, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमधल्या गप्पा, नरूमामा, आणि ज्या मुलीवर त्याचा जीव जडलाय ती शिरोडकर. पण वाचकाला धरून ठेवतो तो मुकुंदचा मनातल्या मनात चाललेला हिशेब. तो बोलतो एक, मनात असतं दुसरं, आणि करतो तिसरंच. मोठ्या माणसांविषयीची त्याची मतं तो कुणालाच सांगत नाही, फक्त आपल्याला सांगतो. म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की हा माझाच मित्र आहे.

पडद्यावर हे कसं आणणार? निवेदन घालून, नाहीतर चेहऱ्यावर सोडून, नाहीतर कृतीत बदलून. निवेदन थोडंच चालतं. तीनशेच्या आसपास पानांचं मनातलं बोलणं त्यात मावत नाही, आणि जास्त घातलं तर श्राव्य पुस्तक होतं. म्हणून दिग्दर्शक सुजय डहाकेंनी भार बराचसा चेहऱ्यावर टाकला. अंशुमन जोशीचा मुकुंद गप्प असतो तेव्हा ज्याने पुस्तक वाचलंय त्याला ती वाक्यं आठवतात आणि ‘हे राहिलं’ असं वाटतं. ज्याने वाचलेलं नाही त्याला एक लाजरा, भरून आलेला मुलगा दिसतो, आणि त्याच्यासाठी तेवढं पुरतं.

एक अगदी बारीक गोष्ट बघा. मुकुंद तिला मनातसुद्धा ‘शिरोडकर’ म्हणतो. कितीही जीव जडला तरी आडनावच. त्या वयाची, त्या काळाची सगळी भीड त्या एका शब्दात आहे. कादंबरीत तो शब्द पानापानावर येतो. सिनेमात समोर केतकी माटेगावकर उभी असते, तिला हाक मारायचीच गरज पडत नाही, त्यामुळे तो शब्द आपोआप विरळ होतो. त्यातच वाचणाऱ्याने मनात स्वतःची शिरोडकर केलेली असते, तिला नक्की असा चेहरा नसतो. पडदा तिला एकच चेहरा देतो. यात कुणाची चूक नाही, पण हे नुकसान खरं आहे.

चर्चेत हेच समोर ठेवा. मुकुंद शिरोडकरच्या मागून चालत जातो तो कोणताही एक भाग निवडा. मोठ्याने दोन पानं वाचा, पाच मिनिटांच्या वर नको. मग तोच तुकडा पुन्हा दाखवा आणि एवढंच विचारा: पानावर कळलेली कोणती गोष्ट इथे कळली नाही, आणि पानावर नसलेलं काय दिसलं? दुसरा अर्धा भाग विसरू नका. तो सुटला की पुन्हा तक्रारींची यादीच सुरू होते.

रीळ क्रमांक सात:
आवाजाचा मुद्दा मान्य, पण सगळं त्यावर टाकू नये. निवेदक ‘मी’ असलेली दुसरी कादंबरी घ्या, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. अमोल पालेकरांनी १९९५मध्ये त्यावर सिनेमा केला. तिथेही तरुण मास्तर स्वतः सांगतो. तरी ‘मास्तरचा आवाज गेला’ ही तक्रार त्या सिनेमाबद्दल तितकी होत नाही. का? मास्तर बघणारा आहे. गोष्ट कारभाऱ्याची, रामोशाची, आयबूची, दुष्काळात ओस पडणाऱ्या वाडीची आहे. बघणाऱ्याच्या जागी कॅमेरा ठेवला तर फार काही जात नाही. ‘शाळा’त मुकुंद बघतो कमी आणि मनात घोळवतो जास्त. घोळवण्याच्या जागी कॅमेरा ठेवता येत नाही.

आणि ‘सिंहासन’ तर याच्या अगदी उलट. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ अशा दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची एक पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, साल १९७९. इतकी कापाकापी होऊनही ‘पुस्तक बिघडवलं’ असं म्हणणारे कमी, कारण मूळ लेखन अनेक पात्रांतून आणि घडामोडींतून फिरतं. निळू फुल्यांच्या पत्रकार दिगू टिपणीसने तो गुंता एका दोऱ्यात ओवला. घटना कापता येते, जोडता येते. मनःस्थिती कापली की तिचा वेगच बदलतो.

तेव्हा ‘शाळा’बद्दल दुसरं कारण म्हणजे वेळ. तीनशे पानं, पानाला दोन मिनिटं धरली तरी दहा तास. सिनेमा दोन तासांच्या आत संपतो. कादंबरीत नववीचं वर्ष रेंगाळतं. तोच रस्ता, तीच बिल्डिंग, तेच विषय पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या पुनरावृत्तीतूनच ओढ वाढत जाते. पटकथेला पुनरावृत्ती परवडत नाही. चार वेळा घडलेलं एकदा दाखवायचं. त्यामुळे शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा वाचणाऱ्याला वर्ष गेल्यासारखं वाटतं, बघणाऱ्याला एक संध्याकाळ.

याच कारणाने अविनाश देशपांडे निगडी यांच्या रूपांतराला ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मिळालेला मान मला रास्त वाटतो. पटकथा निवडते आणि निवडलेल्यावर ठाम राहते. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटही ‘शाळा’च ठरला. परीक्षकांपुढे प्रश्न असतो की समोरचा सिनेमा स्वतःच्या पायावर उभा आहे का. वाचणाऱ्याचा प्रश्न असतो, माझं पुस्तक यात आहे का. दोघांची उत्तरं वेगळी आली म्हणून कुणी खोटं ठरत नाही.

पडदा आणि पान:
वरच्या दोघांत एक भर घालतो. प्रतिक्रिया वाचताना त्यांचे ढीग करा. काही जण सिनेमाबद्दल बोलतात: अभिनय, दिएगो रोमेरोंचा कॅमेरा, अलोकनंदा दासगुप्तांचं संगीत. काही तुलना करतात. आणि खूप जण स्वतःच्या शाळेबद्दल बोलतात, ‘आमचे दिवस आठवले’. हा शेवटचा ढीग ‘शाळा’च्या बाबतीत फार मोठा असतो. ती दाद मनापासून असते, पण त्यातून सिनेमा कसा आहे ते कळत नाही. चर्चेत ती लाट येणारच. तिला दहा मिनिटं द्या आणि मग थांबवा, नाहीतर तास आठवणींत जाईल.

मुलं खरोखर त्या वयाची वाटतात, हे या सिनेमाचं मोठं यश आहे. याचं महत्त्व ‘दुनियादारी’शी ताडून बघितल्यावर कळतं. सुहास शिरवळकरांची कादंबरी, २०१३चा सिनेमा, कॉलेजातली पोरं, आणि श्रेयस-दिग्याच्या भूमिकांत तिशी ओलांडलेले स्वप्नील जोशी आणि अंकुश चौधरी. जुन्या वाचकांनी वयावरून हरकत घेतली, थिएटरं मात्र भरली. कारण तो सिनेमा कट्ट्यावरची दोस्ती विकत होता आणि ती लोकांना मिळाली. माझं मत वाचकांच्या बाजूचं आहे. वय चुकलं की त्या पात्रांचं कच्चेपण जातं, आणि कच्चेपण गेलं की त्यांच्या चुका माफ करता येत नाहीत.

सिनेमा पुस्तकापेक्षा एखादी गोष्ट जास्त चांगली करतो हे दाखवायचं असेल तर ‘नटरंग’चं उदाहरण द्या. आनंद यादवांचा गुणा पैलवान गड्याचा नाच्या होतो. पानावर तो बदल आपण समजून घेतो. अतुल कुलकर्णींच्या अंगावर तो दिसतो: खांदे, मान, चाल, हात ठेवायची पद्धत. तिथे शरीर हाच मजकूर आहे. ‘शाळा’त मजकूर मनात आहे. एकाच भाषेतल्या दोन रूपांतरांना इतका वेगळा प्रतिसाद का मिळाला, याचं अर्धं उत्तर इथे आहे. ‘नटरंग’च्या शेवटी गुणाला पुरस्कार मिळताना दाखवलाय, तो दिलासा मला खटकतो.

समासातली नोंद:
शेवटाबद्दल असहमत. त्याने सोसलेलं सगळं आपण पाहिलेलं असतं, पुरस्काराने ते पुसलं जात नाही. पण तो वेगळा धागा होईल.

वाचनकट्टा:
सगळ्यांचे आभार. दोन पानं आणि एक तुकडा हे नक्की करतो. ४० जणांत बोलणारे पाच-सहाच असतात, त्याचं काय करावं? आणि सिनेमा दाखवायला परवानगी लागते का? डीव्हीडी आहे.

रीळ क्रमांक सात:
परवानगी लागते. विकतची डीव्हीडी घरी बघण्यासाठी असते, ओटीटीचं खातंही तसंच. शाळा-कॉलेजांना त्यांच्या विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरती कायद्यात सवलत आहे, सार्वजनिक वाचनालय त्यात बसत नाही. तिकीट लावलं नाही म्हणूनही सुटका होत नाही. हक्क आज कुणाकडे आहेत ते आधी शोधा, निर्मात्यापासून सुरुवात करा, आणि लेखी घ्या. पत्रात तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षक आणि प्रवेश मोफत असल्याचं लिहा. उत्तराला वेळ लागतो, महिनाभर आधी पाठवा. छापील पुस्तकातला बेताचा उतारा जाहीर वाचायला हरकत नसते. मात्र पानांच्या ४० झेरॉक्स वाटू नका, वाचनालयाच्या प्रती फिरवा.

गटांचं असं करा. आठ-आठ जणांचे पाच गट, प्रत्येकात वाचलेले आणि न वाचलेले मिसळून. सिनेमा संपल्यावर दहा मिनिटं चहा, लगेच बोलायला लावलं तर लोक फक्त ‘छान होता’ म्हणतात. मग गटात वीस मिनिटं, आणि आधी न वाचलेल्यांनी बोलायचं. हा क्रम पाळाच. वाचलेल्याने तोंड उघडलं की न वाचलेला माणूस ‘मला पुस्तक माहीत नाही’ म्हणून मागे सरतो आणि त्याने जे ताज्या डोळ्यांनी पाहिलं ते हातचं जातं. उरलेला अर्धा तास सगळे एकत्र, त्यात ती दोन पानं आणि तुकडा.

पडदा आणि पान:
सिनेमा सुरू व्हायच्या आधी वाचलेल्यांना एकेक चिठ्ठी द्या. ज्या प्रसंगाची वाट बघताय तो त्यावर लिहून खिशात ठेवायला सांगा. सुऱ्या आणि त्याला आवडणाऱ्या केवड्याचं प्रकरण बऱ्याच जणांच्या चिठ्ठीत असेल असा माझा अंदाज आहे. चर्चेत चिठ्ठ्या काढायच्या आणि विचारायचं: हा प्रसंग गाळला गेला, बदलला, की होता तसाच येऊनही वेगळा वाटला? बऱ्याच चिठ्ठ्या तिसऱ्या प्रकारात जातील. चर्चेचा जास्तीत जास्त वेळ त्यांना द्या.