भरतीच्या भरवशावर खाडीत गाळ?

खाडीकाठची:
मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को खाडीकाठी फ्रीमाँटला राहते, शेजारच्या हेवर्डच्या ईडन लँडिंगला फिरायला जाते. ही जुनी मिठागरं, बरीचशी २००३ साली सरकारने कारगिल कंपनीकडून घेतलेली. बांध फोडून भरती आत सोडलीय, खारट झुडपं धरताहेत. पण बाहेरच्या कडेला लाटा खाजण कुरतडतात. ओहोटीला मुळं लोंबताना दिसतात. २०२३ च्या शेवटी रेडवूड सिटी बंदरातला गाळ समोरच्या उथळ पाण्यात टाकला. खाजणावर नव्हे, पाण्यात! भरती तो खाजणावर नेईल म्हणे. आमचे 'हे' म्हणतात, पैसे पाण्यात. कुणाला कळतं का यातलं?

गाळकरी:
सगळा गाळ वर चढणार नाही, हे धरूनच टाकतात. थेट खाजणावर टाकण्याचं दुखणं वेगळं. दक्षिणेला, लॉस एंजेलिसजवळच्या सील बीचला जमीन खचतेय, नदीचा गाळ येत नाही. भरतीला गवत बुडायचं, म्हणून तिथल्या रेल या पाणपक्ष्यांना घरट्यांसाठी तरंगते तराफे करून दिले होते! २०१६ मध्ये तिथे सुमारे २५ सेंमी गाळ फवारला. उंची मिळाली, पण गवत गाडलं गेलं, ते सावरायला वर्षं लागली. भरतीने आणलेला थर पातळ बसतो, झाडं त्यातून वर येतात.

खाडीकाठची:
मग इतकी वर्षं गाळ कुठून येत होता?

जुनाखाणवाला:
सोन्यातून! १८५३ पासून सोन्यासाठी पूर्वेकडचे सिएराचे डोंगर पाण्याच्या झोतांनी फोडले, माती खाडीत आली. १८८४ ला कोर्टाने ते थांबवलं, तरी साठा शंभरेक वर्षं पुरला. १९९९ च्या सुमारास खाडीचं पाणी एकदम निवळलं. वर नद्यांवर गाळ अडवणारी धरणं आहेतच. आणि उपसलेला बराच गाळ बार्जने गोल्डन गेटच्या, म्हणजे खाडीच्या तोंडाच्या, बाहेर खोल समुद्रात ओततात. पैसे पाण्यात जातात ते तिथे. सांगा साहेबांना.

उरणकर:
आमच्याकडे मिठागरांवर डंपरने भराव पडतो. तोही उंचीच वाढवतो की!

गाळकरी:
उरणकर, भरतीचं पाणी चढेनासं झालं की ते खाजण नाही, प्लॉट.
ताई, फरक डोळ्यांना दिसणार नाही, मिलिमीटरचा मामला. तो मोजायला फेल्डस्पार या खनिजाची पांढरी भुकटी आधी पसरून ठेवतात. नंतर चिखलाचा काप काढला की पांढऱ्या रेघेवर किती साचलं ते कळतं. आणि फेब्रुवारीपासून रेलची वीण सुरू होते, पायवाट सोडू नका.