'द एन्टिटी'चा अर्धवट अटारी खेळ: पुरा करावा की आहे तसाच राहू द्यावा?

खोकेबहाद्दर (धागाकर्ता)
'द एन्टिटी' हा सिडनी फ्युरीचा, बार्बरा हर्शीचा १९८२ चा भयपट. (तब्बूचा २००३ चा 'हवा' आठवत असेल तर तो याच्यावरूनच उचललेला.) फॉक्स व्हिडिओ गेम्सने त्यावर अटारी २६०० या घरगुती खेळयंत्रासाठी खेळ करायला घेतला होता. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि तो दुकानात आलाच नाही. प्रोटोटाइपचा (चाचणीच्या नमुन्याचा) रॉम, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रामची फाइल, आज एम्युलेटरवर (यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतो, पण खेळ अपुरा आहे.

असे रॉम डिसअसेम्बल करायचे (बाइटवरून वाचता येतील अशा सूचना काढायच्या), राहिलेला भाग स्वतः भरायचा आणि छान डबीत घालून विकायचे, ही टूम आता जुनी झाली. माझा विरोध आहे. पुरा केलेला रॉम त्याच नावाने संग्रहांत शिरतो आणि काही वर्षांनी १९८३ चे बाइट कोणते, नंतरचे कोणते, हे सांगणारं कोणी उरत नाही. मतं मांडा.

रास्टररेषा
असहमत. अर्धवट रॉम लोक दोन मिनिटं चालवतात, स्क्रीनशॉट काढतात आणि विसरतात.

शिवाय हा विषय या यंत्रासाठीच बनल्यासारखा आहे. वैरी दिसत नाही, पण लागतो. त्याच्या टीआयए या चित्र काढणाऱ्या चिपमध्ये हे जवळपास फुकटात होतं: दुसऱ्या खेळाडूच्या आकृतीचा रंग पार्श्वभूमीइतकाच ठेवायचा. टक्कर चिप स्वतः नोंदवते आणि तिला रंगाशी देणंघेणं नसतं. दोन आकृत्यांचे चालू बिट एका जागी आले की सीएक्सपीपीएमएम या रजिस्टरचा (चिपमधल्या नोंदीच्या खणाचा) सातवा बिट चढतो, म्हणजे १ होतो. फ्रेमच्या शेवटी तो बघायचा, मग सीएक्ससीएलआर या पुसायच्या रजिस्टरमध्ये काहीही लिहून पुसायचा. पुसायला विसरलात तर एकदा लागलेलं भूत कायमचं लागतं. हा तपास दहा बाइटच्या आत बसतो.

झिलई
दिसायला सोपं आहे, पण भिंतींचं काय? भिंती प्लेफील्डमध्ये (टीआयएच्या जाड ठोकळ्यांच्या थरात) काढल्या तर मूळ क्रमाने खेळाडू प्लेफील्डच्या वर येतो. म्हणजे अदृश्य भूत भिंतीवरून गेलं की भिंतीला काळं भोक पडून सरकताना दिसणार. अदृश्यपणा गेला!

रास्टररेषा
सीटीआरएलपीएफ या प्लेफील्डच्या रजिस्टरचा दुसरा बिट (शून्यापासून मोजून) चढवा, प्लेफील्ड वर येतं. भूत भिंतीआड जातं, टक्कर तरीही नोंदते.

झिलई
आणि नायिकाही भिंतीआड जाते, कारण तो बिट दोघांनाही लागू होतो.

रास्टररेषा
तिला भिंतीत जाऊच द्यायचं नाही. सीएक्सपी०एफबीचा सातवा बिट (नायिका-प्लेफील्ड टक्कर) चढला की मागच्या फ्रेमच्या जागी परत आणा. कडेला एक फ्रेम चाटून जाते, डोळ्याला कळत नाही.

झिलई
कबूल, जमतं. पण आत्ता आपण काय केलं ते बघा. मूळ रॉम न उघडताच भुताचं वागणं ठरवून टाकलं! हा १९८३ चा खेळ पुरा करणं नव्हे, तुमचा नवा खेळ झाला. चांगला होईल, मी खेळेनही. फक्त नाव दुसरं द्या.

आणि हात घातल्यावर किती हलतं तेही सांगा ना. टीव्हीच्या एका रेषेला प्रोसेसरच्या ७६ सायकल, एनटीएससीत (अमेरिकी टीव्ही पद्धतीत) फ्रेमला २६२ रेषा. चित्र काढणाऱ्या लूपमध्ये दोन सूचना जास्त घातल्या की कोडची एखादी वाट ७६ ओलांडते, त्या फ्रेमला रेषा वाढतात आणि जुन्या टीव्हीवर चित्र लोळायला लागतं. वर शीर्षकाचा पडदा घातला की ४ के (४०९६ बाइट) पुरत नाही. ८ के करून बँक बदलणं, म्हणजे ४ के चे दोन तुकडे आळीपाळीने पुढे आणणं, आलं. चालू करताना कोणती बँक पुढे येईल याचा भरवसा नसतो, म्हणून सुरुवात करून देणारा रीसेटचा तुकडा दोन्हीकडे लागतो. इतकं झाल्यावर मूळचं काय उरलं?

तांबडं_बटण
पुरा करायच्या गप्पा नंतर. कुठलाही प्रोटोटाइप हाती आला तर आधी नीट वाचा, इथेच निम्मे लोक चुकतात.

बहुतेक ४ के प्रोटोटाइपमध्ये २७३२ ईप्रॉम (अतिनील उजेडाने पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप) असतो, २४ पायांचा, वर काचेची खिडकी. खिडकीवरचं चिकट लेबल हौसेने सोलू नका. सोललंच तर लगेच अपारदर्शक पट्टी लावा, अतिनील उजेडाने चिप पुसते. उलटी बसवलीत तर वाचण्याआधीच जाते.

तीन वेळा वाचा आणि फाइली ताडून बघा. फरक पडला तर व्होल्टेज ५ च्या जरा खाली आणून पुन्हा वाचा. चार दशकांत साठवलेला भार गळतो, तेव्हा ० चा १ होतो. कमी व्होल्टेजला असा दुबळा ० अजून ० म्हणून वाचला जातो, म्हणून ते वाचन जास्त विश्वासाचं.

मग ४०९६ बाइटच्या फाइलमधला ४०९३ वा आणि ४०९४ वा बाइट बघा. हा रीसेटचा पत्ता (यंत्र चालू झालं की प्रोग्राम जिथून सुरू होतो तो), खालचा बाइट आधी. ४०९४ व्याचा पहिला हेक्स अंक विषम हवा, बहुधा एफ किंवा डी. सम आला तर वाचनच चुकलंय.

आणि विकणाऱ्यांसाठी: २७३२ चिप तिच्या निवड-पिनवर खालचा संकेत आला की जागी होते, २६०० चा स्लॉट तिथे वरचा संकेत देतो. मध्ये ७४०४ इन्व्हर्टर (संकेत उलटवणारी चिप) नसेल तर चिप योग्य वेळी जागीच होत नाही. दुकानातल्या खेळाच्या बोर्डावर नुसता ईप्रॉम डकवणाऱ्यांची हीच गत होते.

काळोखी
तांत्रिक बाजू ठीक, पण चित्रपट कशाबद्दल आहे ते कोणी बोलेल का? एका बाईवर अदृश्य शक्ती वारंवार बलात्कार करते, अशी ती गोष्ट आहे. त्याचे गुण मोजायचे? विझार्ड व्हिडिओने १९८३ मध्येच 'टेक्सस चेनसॉ मॅसकर' या भयपटावरचा खेळ काढला. त्यात खेळणारा स्वतः खुनी असतो आणि करवतीचं पेट्रोल संपलं की डाव संपतो. अनेक दुकानदारांनी तो समोर मांडला नव्हता. 'एन्टिटी' राहून गेला याचं मला दुःख नाही.

रास्टररेषा
'हॅलोविन'ही विझार्डचाच, त्यात मुलं सांभाळणारी बाई त्यांना वाचवते. भयपटावरचा खेळ म्हणजे अत्याचाराचाच खेळ, असं नाही.

काळोखी
'हॅलोविन'मध्ये मुलांना वाचवायचं असतं. इथे काय वाचवायचं ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

खोकेबहाद्दर
रास्टररेषा, तडजोड सुचवतो. मूळ रॉमला हात लावू नका, तुमचं काम बीपीएस पॅच (फक्त बदल नोंदवणारी फाइल) म्हणून द्या. आयपीएस प्रकारचा पॅच नको, तो कुठल्याही फाइलवर मुकाट चढतो. बीपीएसमध्ये मूळ फाइलचा चेकसम (बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, चुकीच्या रॉमवर तो चढतच नाही. ज्याला खऱ्या टीव्हीवर खेळायचंय त्याने तयार फाइल २६०० मध्ये बसणाऱ्या हार्मनी कार्ट्रिजच्या एसडी कार्डावर टाकावी.

रास्टररेषा
पॅच देईन. पण डबीही काढणार, लोकांना शेल्फवर ठेवायला काहीतरी हवं असतं.

झिलई
काढा. फक्त लेबलवर फॉक्सचं नाव आणि १९८३ छापू नका.