गेटवेजवळच्या नोडचेच सेल आधी का संपतात?

ठिबक_नाशिक: द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजायला ४० टेलॉसबी नोड (सेलवर चालणारे छोटे वायरलेस सेन्सर) आहेत. त्यांवर कॉन्टिकी (ऑपरेटिंग सिस्टिम), आरपीएल (पॅकेट नोडकडून नोडकडे देत गेटवेपर्यंत नेणारा प्रोटोकॉल), कॉन्टिकीमॅक (रेडिओ बहुतेक वेळ बंद ठेवून ठरावीक अंतरानेच ऐकायची पद्धत). प्रत्येकी दोन एए अल्कलाइन सेल. दर मिनिटाला एक पॅकेट. गेटवेला (सगळा डेटा गोळा करणाऱ्या यंत्राला) थेट ६ नोड पोचतात, बाकीचे त्यांच्यामार्फत. त्या सहांतल्या दोघांचे सेल अडीच महिन्यांत संपतात, बांधावरचे मात्र वर्ष काढतात. ते दोन गेले की मागची अख्खी रांग गप्प. लीच (नोडचे गट करून गटप्रमुख आळीपाळीने बदलणारा प्रोटोकॉल) वापरून भार फिरता ठेवावा, की ट्रान्समिट पॉवर कमी करावी?

रेडिओ_बंद_ठेवा: पॉवर कमी करून फारसं हाती लागणार नाही. सीसी२४२० (टेलॉसबीवरची रेडिओ चिप) शून्य डीबीएमला (एक मिलिवॅटला) पाठवताना १७.४ मिलिअँप घेतो आणि ऐकताना १८.८. म्हणजे नुसतं कान लावून बसणंच जास्त महाग. २५०० एमएएचचे सेल रेडिओ सतत चालू असेल तर साडेपाच दिवसांत संपतात, १ टक्का वेळ चालू असेल तर दीड वर्ष पुरतात. अडीच महिने म्हणजे रेडिओ साधारण सात-साडेसात टक्के वेळ चालू. हा वेळ पाठवण्यात जातोय की ऐकण्यात, ते एनर्जेस्टने (कॉन्टिकीतल्या ऊर्जा मोजायच्या सोयीने) मोजा आणि आकडे तासाला एकदा नेहमीच्या पॅकेटमधूनच पाठवा. व्होल्टेजवर विसंबू नका. अल्कलाइन सेलचं व्होल्टेज पहाटेच्या गारठ्यात उतरतं, दुपारी पुन्हा चढतं.

मेश_मास्तर: लीच इथे बसत नाही. त्यात कुठलाही नोड क्लस्टर हेड (गटप्रमुख) होऊन बेस स्टेशनला (इथे गेटवेला) थेट बोलू शकतो असं गृहीत आहे. तुमच्याकडे ४० पैकी ६ च पोचतात, मग फिरवणार कोणाला? त्या सहांवर फेरीला ४० पॅकेट, सारखी वाटणी झाली तरी प्रत्येकी सहा-सात. आणि ती सारखी होत नाही, कारण मागचे सगळे ज्याचा ईटीएक्स (पॅकेट पोचायला सरासरी किती वेळा पाठवावं लागतं तो आकडा) चांगला त्यालाच पालक, म्हणजे पॅकेट पुढे नेणारा नोड, करतात. जवळ आणखी रिले नोड लावले तरी हेच होतं. बरेच जण इथेच फसतात.

आधी पॅकेट कमी करा. माती मिनिटामिनिटाला बदलत नाही. १५ मिनिटांनी वाचन घ्या, ८ वाचनं साठवून दोन तासांनी एकदम पाठवा. २ बाइटचं वाचन, १६ बाइटांत सगळं मावतं.

ठिबक_नाशिक: ऑब्जेक्टिव्ह फंक्शनमध्ये (आरपीएलमधल्या पालक निवडायच्या नियमात) उरलेली ऊर्जा मिसळली तर?

मेश_मास्तर: चालेल, पण हिस्टेरेसिस ठेवून, म्हणजे थोड्या फरकाने पालक बदलायचा नाही. आरएफसी ६७१९ (या नियमाचं प्रमाणपत्रक) मध्ये पालक बदलायचा उंबरठा १९२ आहे, म्हणजे दीड ईटीएक्स. ऊर्जेचे तीन-चारच टप्पे करा. बारीक आकडा घातला तर पालक सतत बदलतात, रँक (गेटवेपासूनचं स्थान) हलते, लूप सापडला की ट्रिकल टायमर (डीआयओ किती अंतराने पाठवायचे ते ठरवणारा) किमान अंतरावर येतो आणि डीआयओचा, म्हणजे आरपीएलच्या मार्ग कळवणाऱ्या ब्रॉडकास्ट संदेशांचा, पाऊस पडतो. ८ हर्ट्झच्या कॉन्टिकीमॅकमध्ये ब्रॉडकास्ट पूर्ण चक्रभर, १२५ मिलिसेकंद, पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं. सर्वांत मोठी फ्रेम (रेडिओवरचं एक पॅकेट) एकदा हवेत जायला जेमतेम सव्वाचार मिलिसेकंद लागतात. वाचवलेलं तिथेच जातं.

रेडिओ_बंद_ठेवा: त्यापेक्षा त्या सहांना डी सेल द्या, एएच्या कितीतरी पट क्षमता मिळते. सगळ्यांचा वापर सारखा करण्याचा अट्टहास कशाला? सगळ्यांचे सेल एकाच फेरीत बदलता आले की झालं. जमलं तर दुसरा गेटवे समोरच्या टोकाला.

ऑक्टोबर छाटणीनंतर नोड लावले असतील तर अँटेना आत्ताच मांडवाच्या वर घ्या. पालवी दाटली की पानांतलं पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषतं, रिट्राय वाढतात आणि एनर्जेस्टमध्ये टीएक्सचा (पाठवण्याच्या वेळेचा) आकडा फुगलेला दिसतो.