बेस रेकॉर्ड करताना कॉम्बोसमोर माइक हवाच

चारतारी (धागाकर्ता)

घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या बहुतेकांचा बेस हल्ली एकाच वाटेने जातो. बेस गिटारची केबल थेट इंटरफेसमध्ये (वाद्य संगणकाला जोडणारी पेटी), वर ॲम्पचं एखादं प्लगिन (ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर), की झालं. बाजूला असलेला कॉम्बो, म्हणजे एकाच पेटीत ॲम्प आणि स्पीकर, फक्त रियाजापुरता. मला हे पटत नाही. दहा इंची स्पीकरचा साधा ४० वॉटचा कॉम्बो असला तरी त्याच्यासमोर माइक लावा आणि डीआयच्या (माइक न लावता थेट घेतलेल्या सिग्नलच्या) जोडीने तोही ट्रॅक घ्या, असं माझं ठाम मत आहे.

यावर पहिली हरकत ठरलेली असते: छोटा स्पीकर खालचे स्वर देत नाही. जाड तार मोकळी छेडली की ई वाजतो, ४१ हर्ट्झ. दहा इंची स्पीकर तिथे पुरा पडत नाही हे खरं. पण पुरा पडतो कोण? ॲम्पेगचं आठ स्पीकरचं ते फ्रिजएवढं कॅबिनेट घ्या. मोठमोठ्या रॉक बँडच्या मागे ते उभं असतं, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात त्याची खालची मर्यादा ५८ हर्ट्झ दिलेली आहे. त्याखाली आवाज उतरत जातो. तरी त्या बेसला कुणी पातळ म्हणत नाही, कारण वरची हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) मिळाली की मूळ स्वर आपला मेंदू भरून घेतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही बेसची चाल ओळखू येते ती त्यामुळेच.

स्पीकर नुसता आवाज मोठा करत नाही, तो आवाज घडवतो. कागदी कोन चार-पाच हजार हर्ट्झच्या वरची करकर आपणहून कापतो. जोरात वाजवलं की तो थोडा दबतो आणि स्वराची सुरुवात गोल होते. डीआयमध्ये तारेवर नख घासल्याचा, फ्रेटवर तार आपटल्याचा जो कोरडा टकटकाट येतो, तो कॉम्बोतून गेला की वाद्याचा भाग वाटू लागतो. इक्यूने (आवाजाचे वरचे-खालचे भाग कमी-जास्त करून) ती करकर कापता येते, हे दबणं त्यातून येत नाही.

माझी पद्धत अशी. कॉम्बो जमिनीवरून उचलून भक्कम स्टुलावर ठेवायचा, भिंतीपासून लांब आणि कोपऱ्यात तर नाहीच. माइक जाळीपासून चार बोटांवर, कोनच्या मधल्या टोपीवर नाही आणि अगदी कडेलाही नाही, दोन्हींच्या मध्ये. टोपीकडे सरकवला की आवाज उजळ होतो, कडेकडे नेला की मऊ. कॉम्बोला ट्वीटर असेल तर तो बंद. आवाज निम्म्याच्या थोडा आत. वाजवण्याआधी खोलीत काय थरथरतंय ते ऐकून घ्या: खिडकीची सरकती काच, कपाटाचं दार, पलीकडच्या स्वयंपाकघरातला स्टीलच्या भांड्यांचा रॅक. ती थरथर टेकमध्ये गेली तर कुठल्याही प्लगिनने निघत नाही.

डीआय त्याच वेळी दुसऱ्या चॅनलवर घ्यायचा. कॉम्बोच्या डीआयला प्री आणि पोस्ट (इक्यूच्या आधी आणि नंतर) असं बटण असेल तर प्रीवर ठेवायचा, म्हणजे कॉम्बोचा इक्यू फिरवला तरी हा ट्रॅक स्वच्छ राहतो.

थेटइंटरफेस

असहमत, आणि कारणं प्रत्यक्षातली आहेत.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटची बेडरूम दहा बाय दहा. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट अंतर असलं की ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून ती घूम दुप्पट जोरात. छतही तेवढंच उंच असेल तर तिप्पट. आणि बेसची मोकळी ए तार वाजते ५५ हर्ट्झला! म्हणजे गाण्यात जिथे जिथे ए येईल तिथे ढम्म, आणि बाकीचे स्वर मागे. अशा खोलीत माइक लावून तुम्ही कॉम्बो रेकॉर्ड करताय की खोली?

शिवाय शेजारी. निम्म्या आवाजावरचा बेस दोन मजले खालपर्यंत जातो. नोकरी करून रात्री दहानंतर वाजवणाऱ्याने काय करायचं?

डीआय म्हणजे गरिबाचा पर्याय हा समजही चुकीचा आहे. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन वाजवायचा तो बेस थेट कन्सोलमध्ये (मिक्सिंगच्या टेबलात) जायचा. स्टेजवर त्याच्याकडे ॲम्पेगचा बी-१५ ॲम्प असायचा, जो आजही लोक डोक्यावर घेतात. पण ज्या रेकॉर्डवरून पुढच्या पिढ्या बेस शिकल्या, त्यातला बहुतेक बेस डीआयचा आहे. १९६२ चा प्रिसिजन बेस, कधी न बदललेल्या जाड फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा आणि एक बोट. समोर माइक नाही.

चारतारी

जेमरसनचं उदाहरण बरोबर आहे, पण त्याच दशकात लॉस एंजेलिसला बेसवादक कॅरल के काय करत होती तेही पाहा. पिकने वाजवायची, तारांवर ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) फेल्टचा तुकडा, आणि तिचा फेंडर सुपर रिव्हर्ब म्हणजे चार दहा इंची स्पीकरचा कॉम्बो! तोही गिटारसाठी बनवलेला, मागून उघडा. त्याच्यासमोर माइक. तो बेस कुणाला अपुरा वाटला?

लंडनमध्ये १९६६ साली ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने बीटल्सच्या सेशनला बेस ॲम्पसमोर एक मोठा लाउडस्पीकरच माइकसारखा वापरला, कारण नेहमीच्या माइकमध्ये बेस पुरेसा उठत नव्हता. एवढी धडपड ॲम्पच्या आवाजासाठीच होती ना?

दहा बाय दहाचा हिशोब मान्य. पण चार बोटांवरच्या माइकला थेट कोनचा आवाज इतका जास्त मिळतो की खोली मागे पडते. खोली बाधते ती माइक तीन फुटांवर नेला की.

फेडरवाली

मी मिक्सिंग करते, त्यामुळे लोकांनी घरी घेतलेले असे जोडट्रॅक माझ्याकडे नेहमी येतात. दोघांचंही थोडं थोडं चुकतंय.

चारतारी, माइकला खोली कमी ऐकू येते हे बरोबर, पण तुमच्या कानाला ती पूर्ण ऐकू येते, आणि गडबड तिथेच होते. वाजवणारा खोलीतली घूम ऐकतो आणि कॉम्बोचा बेसचा नॉब खाली आणतो. माइक कोनला चिकटून आहे, त्याला ती घूम नाहीच. त्यामुळे खोलीत छान वाटलेला ट्रॅक माझ्याकडे येतो तेव्हा हाडकुळा असतो. कॉम्बोचे नॉब खोलीत ऐकून लावू नका. बंद हेडफोन घाला, त्यात फक्त माइकचा आवाज घ्या आणि मग फिरवा. मोठ्या आवाजात कानाला बेस भरपूर वाटतो आणि हळू वाजवलं की कमी वाटतो, हेही ध्यानात ठेवा. तेच गाणं कमी आवाजात परत ऐका.

दुसरं, कॉम्बोला पोर्ट आहे का ते बघा. पुढे किंवा मागे गोल किंवा लांबट भोक असतं ते. पोर्टवाल्या पेटीत, पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेलं असतं तिथे कोन जवळजवळ हलत नाही, आवाज पोर्टातून येतो. कोनला चिकटवलेला माइक नेमका तो भाग घेत नाही. मग लोक म्हणतात कॉम्बोत दम नाही. दम असतो, माइकसमोर नसतो. अशा वेळी खालचा भाग डीआयकडून घ्यायचा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी धाग्यात अजून कुणी काढलीच नाही: फेज, म्हणजे दोन ट्रॅकच्या लाटा एकमेकींशी जुळतात की नाही. डीआय ताबडतोब पोचतो, माइकचा आवाज हवेतून येतो. ३० सेंटिमीटरवर माइक असेल तर साधारण ०.९ मिलिसेकंद उशीर, ४८ किलोहर्ट्झवर ४२ सॅम्पल (डिजिटल आवाजाचे क्षणिक तुकडे). दोन्ही ट्रॅक सारख्या जोरात मिसळले तर ५७० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे बेसच्या बोटांची ओळख जिथे असते तिथेच. दहा सेंटिमीटरवर उशीर १४ सॅम्पलचा, खड्डा १७०० हर्ट्झच्या वर जातो. तो त्यामानाने परवडतो.

एकच टणक स्वर घ्या, दोन्ही वेव्हफॉर्म मोठे करून बघा आणि माइकचा ट्रॅक डावीकडे, म्हणजे तेवढा आधी ओढा. मग माइकच्या ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली बाजू) उलटून ऐका. ज्या बाजूला खालचा आवाज भरतो ती बाजू बरोबर. नुसतं डोळ्यांवर विसंबू नका. स्पीकर आणि पोर्ट दोघंही वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला फेज वेगवेगळी फिरवतात, त्यामुळे तंतोतंत जुळणी होत नाही. शेवटचे दोन-चार सॅम्पल कानाने ठरवावे लागतात. कॉम्बो डिजिटल मॉडेलिंगचा असेल तर त्याचा स्वतःचा उशीरही यात मिळतो.

फेज न जुळवलेले दोन ट्रॅक देण्यापेक्षा एकटा डीआय दिलेला मला शंभरदा चालेल.

मांडवीकाठ

पणजीहून. मी हॉटेलांत आणि लग्नांत वाजवतो, रेकॉर्डिंग कमी.

तुमची सगळी चर्चा केबलच्या पुढची आहे. केबलच्या मागे काय? कॉम्बो समोर असला की त्याचा धक्का पोटरीला लागतो आणि हात आपोआप हलका होतो. हेडफोनमध्ये कोरडा डीआय ऐकत वाजवणारी पोरं तारा ओरबाडतात, कारण त्यांना परत काहीच मिळत नाही. ओरबाडलेल्या तारेचा स्वर सुरुवातीला चढा लागतो आणि मग खाली येतो. तो बेसूरपणा कुठला माइक काढणार?

म्हणून कॉम्बो लावाच. माइक लावा किंवा लावू नका, तो वाजवणाऱ्यासाठी लावा. ब्रिजजवळ तारांखाली फोमचा तुकडा सरकवून बघा, तारांची रेंगाळ कमी होते आणि किकला (ड्रमसेटमधल्या पायाने वाजणाऱ्या ड्रमला) जागा मिळते.

चारतारी

मांडवीकाठ, +१. मला हेच म्हणायचं होतं आणि तुम्ही ते जास्त नीट सांगितलंत. वाजवणाऱ्याने जो आवाज ऐकून हात लावला, तोच आवाज टेकमध्ये असायला हवा.

फेडरवाली ताई, पोर्टचा मुद्दा फार मोलाचा.

थेटइंटरफेस

फेडरवालींचा प्रतिसाद वाचून माझं मत अधिकच पक्कं झालं. स्टूल, माइकची जागा, पोर्ट, फेज, भांड्यांचा रॅक, एवढं सांभाळून शेवटी खालचा भाग डीआयचाच वापरायचा!

न्यूरल ॲम्प मॉडेलर हे ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. मोठ्या ट्यूब ॲम्पची कॅप्चर (डिजिटल नकला) लोकांनी करून ठेवलीत, कॅबिनेटचे इम्पल्स रिस्पॉन्सही (स्पीकरच्या आवाजाचे ठसे) सहज मिळतात. हातांच्या मुद्द्याचं म्हणाल तर प्लगिन लावूनच हेडफोनमध्ये ऐका, बफर कमी ठेवा म्हणजे आवाज उशिरा येत नाही, हात हलकाच राहतो. आणि डीआय जपून ठेवला तर उद्या तोच ट्रॅक एखाद्या खऱ्या ॲम्पमधून रीॲम्प करता येतो, म्हणजे पुन्हा वाजवून माइकने घेता येतो. माइकचा चुकलेला ट्रॅक मात्र कायमचा चुकलेला.

खर्जप्रेमी

मध्येच विचारतो, राग नसावा. माझा कॉम्बो सतत हूं करतो. एका अमेरिकन व्हिडिओत ६० हर्ट्झला नॉच मारायला (फक्त तेवढाच भाग कापायला) सांगितलं होतं, काही फरक पडला नाही. दुसऱ्याने अर्थिंगची पिन काढायला सांगितली. काढू का?

फेडरवाली

पिन अजिबात काढू नका! अर्थिंग तुमच्या जिवासाठी आहे. धातूच्या तारांना हात लावून तुम्ही तासन् तास बसता.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ६० च्या नॉचने काही होणार नाही. पण ५० लाही मारू नका. जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झला वाजतो आणि त्याच्या वरच्या सप्तकातला ९८ ला. नॉच मारला की हूंबरोबर तुमचा जी पण जाईल. हूं ठेवलात तर लांबवलेल्या जीबरोबर सेकंदाला एक लाट येत राहते, मिक्समध्ये ती बेस डगमगल्यासारखी वाटते. त्यामुळे हूं मुळातच थांबवावी लागते. कॉम्बो, लॅपटॉप आणि इंटरफेस एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असेल तर दाबून बघा, ते फक्त सिग्नलचं ग्राउंड तोडतं, विजेचं नाही. तरीही राहिली तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. बेसला सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप असेल तर स्वतः गोल फिरून बघा, एका दिशेला हूं बरीच कमी होते. तिथेच खुर्ची टाका.

चारतारी

थेटइंटरफेस, कॅप्चर उत्तम असतात, नाकारत नाही. पण ती दुसऱ्याच्या ॲम्पची, दुसऱ्याच्या माइकने, दुसऱ्याने निवडलेल्या जागी घेतलेली. एकाच कॅप्चरवर कितीतरी लोकांचा बेस जातोय आणि तो सारखाच वाजतोय. माझ्या कॉम्बोत एक नाकातला आवाज आहे, ८०० हर्ट्झच्या आसपास. तो एकट्याने ऐकला तर खुपतो, पण गाण्यात ढोलकी आणि किक दोन्ही असताना त्याच्याचमुळे बेसची ओळ वेगळी ऐकू येते. प्लगिन चाळताना मी तो कधीच निवडला नसता.

थेटइंटरफेस

मग चाचणी होऊन जाऊ दे. तुमचा टेक, तुमचं गाणं. एक मिक्स तुमच्या जोडट्रॅकचा, एक फक्त डीआय आणि माझ्या प्लगिनचा. नावं झाकून टाका.

चारतारी

तयार आहे, दोन अटींवर. दोन्ही मिक्स सारख्याच आवाजाचे हवेत, कारण अर्धा डेसिबल मोठं असलं तरी तेच चांगलं वाटतं. आणि एकटा बेस कुणी ऐकायचा नाही, पूर्ण गाणं ऐकायचं, एकदा हेडफोनवर आणि एकदा मोबाइलवर. फेज फेडरवाली ताईंनी जुळवून द्यावी.

फेडरवाली

देते. पण दोन्ही ट्रॅक कच्चे पाठवा, कॉम्प्रेसर न लावता, पीक (सर्वांत मोठा आवाज) उणे १२ डेसिबलच्या आसपास. आणि कॉम्बोला पोर्ट आहे की नाही ते अजून तुम्ही सांगितलेलं नाही.