मदत हवी आहे: टूर द फ्रान्सच्या अंदाज स्पर्धेसाठी न्याय्य गुणपद्धती कशी ठरवावी?

नमस्कार.

पुण्यातील आमच्या सायकल गटासाठी मी गेल्या वर्षी, २०२५ च्या टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीच्या वेळी, प्रथमच एक अंदाज स्पर्धा घेतली. तीसेक जणांनी भाग घेतला, पहिला आठवडा फार रंगला, आणि त्यानंतर उत्साह असा ओसरला की पॅरिसच्या शेवटच्या टप्प्यासाठी जेमतेम नऊ जणांनी फॉर्म भरला. यंदाची शर्यत ४ जुलैला बार्सेलोनातून सुरू होऊन २६ जुलैला पॅरिसमध्ये संपणार आहे. जानेवारीत पुणे ग्रँड टूर आपल्याच रस्त्यांवर पाहिल्यापासून गटातल्या पुष्कळ नव्या लोकांना टप्प्यांच्या शर्यतीची गोडी लागली आहे, त्यामुळे सहभाग वाढेल असे दिसते. म्हणून या वेळी नियम आधीच लेखी स्वरूपात सर्वांना द्यावेत अशी माझी इच्छा आहे आणि त्यासाठी अशा स्पर्धा घेतलेल्या लोकांचे मार्गदर्शन हवे आहे.

गेल्या वर्षीची पद्धत साधी होती. शर्यतीआधी प्रत्येकाने एकूण क्रमवारीतले (सर्व टप्प्यांची मिळून वेळ सर्वांत कमी असलेले) पहिले पाच सायकलपटू आणि हिरवी (गुणांची), ठिपक्यांची (घाटांची) व पांढरी (तरुणांची) जर्सी कोणाला मिळेल ते लिहून द्यायचे; त्यानंतर दररोज त्या दिवसाच्या टप्प्याचा विजेता सांगायचा. पिवळी (एकूण विजेत्याची) जर्सी बरोबर आल्यास ५० गुण, इतर जर्सींना प्रत्येकी ३० आणि टप्प्याच्या विजेत्याला १०.

यातला मोठा दोष मला पहिल्याच दिवशी दिसायला हवा होता. पिवळ्या जर्सीसाठी जवळजवळ सर्वांनी गतविजेता तादेय पोगाचारचे नाव लिहिले, त्यामुळे सर्वांत मोठे ५० गुण कोणालाच कोणापासून वेगळे करू शकले नाहीत. १७ जुलैला ओताकामच्या चढावर त्याने मुख्य प्रतिस्पर्धी योनास विंगेगार्डला दोन मिनिटांहून अधिक मागे टाकले, आणि एकूण क्रमवारीबद्दलची उत्सुकता तिथेच संपली. टप्प्यांचेही तसेच झाले. रुआँच्या टप्प्यावर पोगाचारचे नाव लिहिणाऱ्या वीस जणांना प्रत्येकी १० गुण मिळाले, आणि मों व्हाँतूच्या टप्प्यावर व्हालाँताँ पारे-पँत्र जिंकेल असे एकटीने लिहिणाऱ्या मुलीलाही १०च. तिने त्या दिवशी ब्रेकअवेमध्ये (मुख्य जथ्यापासून सुटून पुढे जाणाऱ्या गटात) कोण जाऊ शकेल याचा किती बारकाईने विचार केला होता हे मला ठाऊक आहे, म्हणून ही गोष्ट अजून मनाला लागते.

यावर मी असा विचार केला की प्रत्येक टप्प्यासाठी १०० गुणांची ठेव धरावी आणि अचूक उत्तर देणाऱ्यांत ती सारखी वाटावी. गेल्या वर्षीच्या तक्त्यावर हे करून पाहिले. रुआँच्या दिवशी प्रत्येकाला ५ गुण येतात आणि व्हाँतूच्या दिवशी त्या मुलीला १००. परंतु मग एका दिवसाचा एक नेम तीन आठवड्यांच्या अभ्यासावर मात करतो, आणि मागे पडलेले लोक रोज अपरिचित नावे लिहून नशीब आजमावू लागतील अशी भीती वाटते. यातला मधला मार्ग कोणता?

दुसरा प्रश्न शर्यत सोडणाऱ्यांचा आहे. यास्पर फिलिप्सेनने पहिला टप्पा जिंकला, आणि तिसऱ्या टप्प्यात हिरवी जर्सी अंगावर असतानाच तो पडून शर्यतीबाहेर गेला. हिरव्या जर्सीसाठी त्याचे नाव लिहिलेल्या लोकांचे ३० गुण तिसऱ्याच दिवशी गेले. पुढे रेम्को इव्हेनेपूल एकूण क्रमवारीत तिसरा असताना तुरमालेच्या चढावर थांबला. अपघात हा शर्यतीचा भाग आहे हे मान्य आहे. पण तीन आठवड्यांच्या स्पर्धेत तिसऱ्या दिवशी माणसाच्या हाती काही उरू नये, हेही योग्य वाटत नाही.

तिसरा मुद्दा वादांचा, आणि ते वाद मला खरोखर जड गेले. एकोणिसावा टप्पा अल्बेरव्हीलहून ला प्लान्यला जाणार होता. वाटेतल्या एका घाटावरच्या गुरांमध्ये लम्पी रोग आढळल्याने आयोजकांनी सुमारे १३० किलोमीटरचा तो टप्पा सुमारे ९५ किलोमीटरवर आणला. आपल्याकडे २०२२ मध्ये याच रोगाने शेतकऱ्यांचे काय हाल केले ते पाहिलेले असल्याने गटातल्या कोणी त्या निर्णयाला नावे ठेवली नाहीत. मात्र मूळ मार्ग पाहून भरलेले अंदाज ग्राह्य धरावेत की पुन्हा मागवावेत यावर रात्रभर चर्चा चालली. पॅरिसमध्ये पावसामुळे एकूण क्रमवारीची वेळ अंतिम रेषेच्या बऱ्याच आधी थांबवली गेली, टप्पा मात्र शेवटपर्यंत धावला आणि वाउट व्हान आर्टने जिंकला. तेव्हाही कोणते गुण कुठल्या क्षणी धरायचे हे मला जागच्या जागी ठरवावे लागले, आणि दोघांनी तो निर्णय पक्षपाती मानला.

पैशांबद्दल आधीच स्पष्ट करतो. प्रवेश शुल्क गोळा करून विजेत्याला रक्कम देण्याची सूचना गटात आली होती, ती मी स्वीकारलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी आली आहे. आमच्याकडे शुल्क नाही. विजेत्याला एक सायकल जर्सी गटातर्फे भेट दिली जाते. तेव्हा कृपया पैशांच्या योजना सुचवू नयेत.

प्रतिसाद

आपली अडचण मी पूर्णपणे समजू शकते, कारण कार्यालयातल्या सहकाऱ्यांसाठी मी काही वर्षे अशीच स्पर्धा घेत आले आहे. एका नियमाने आमची स्पर्धा वाचवली. टप्प्याचा विजेता म्हणून कोणत्याही सायकलपटूचे नाव संपूर्ण शर्यतीत एकदाच लिहिता येते. पोगाचारने २०२४ मध्ये सहा आणि २०२५ मध्ये चार टप्पे जिंकले, त्यामुळे प्रत्येक घाटाच्या दिवशी त्याचेच नाव लिहिणारा माणूस काही न वाचताही पुढे राहतो. नाव एकदाच वापरायचे म्हटले की ते कोणत्या दिवशी खर्च करायचे हाच खरा प्रश्न होऊन बसतो. यंदा एकोणिसावा आणि विसावा असे लागोपाठ दोन टप्पे आल्प द्यूएझवर संपणार आहेत. हुकमी नाव पहिल्या दिवशी वापरावे की दुसऱ्या दिवसासाठी राखावे, यावर तुमच्या गटात आठवडाभर बोलणे होईल. सपाट टप्प्यांनाही हा नियम चालतो. गेल्या वर्षी मिलान आणि मर्लियर या दोघा स्प्रिंटरांनी (शेवटच्या वेगवान धावेत तरबेज सायकलपटूंनी) प्रत्येकी दोन टप्पे जिंकले, त्याहून अधिक कोणत्याही स्प्रिंटरला जमले नाहीत.

गुणांची ठेव वाटण्याची कल्पना चांगली आहे, परंतु तिला मर्यादा घाला. आम्ही अचूक उत्तराला १० गुण देतो, आणि ते उत्तर देणारे जितके कमी तितके अधिकचे गुण, पण हे अधिकचे गुण कधीही १५ च्या वर नाहीत. त्यामुळे व्हाँतूवाल्या मुलीला २५ मिळतील, वीस जणांना ११ किंवा १२ मिळतील, आणि एका नेमाने स्पर्धा संपणार नाही.

लोक मध्येच सोडून जातात त्याचे कारण बहुधा एखादा चुकलेला दिवस असते. प्रवास, पाहुणे, कामाचा ताण यांमुळे दोन दिवस फॉर्म राहिला की माणूस मनाने बाहेर पडतो. २१ पैकी सर्वोत्तम १५ टप्प्यांचेच गुण धरा. शर्यत सोडणाऱ्यांसाठी दोन विश्रांतीच्या दिवशी, यंदा १३ आणि २० जुलैला, प्रत्येकी एक नाव बदलण्याची मुभा द्या आणि बदललेल्या नावाला निम्मे गुण ठेवा. २०२३ मध्ये एन्रिक मास पहिल्याच टप्प्यात बाहेर गेला आणि रिचर्ड कारापाझ दुसऱ्या टप्प्याला उतरलाच नाही. अशा वेळी नऊ दिवस थांबावे लागते हे खरे, पण रोज बदल करू दिला तर आधी विचार करून लिहिण्याला अर्थ उरत नाही.

प्रतिसाद

वरील सूचनांशी सहमत आहे. मी फक्त मुदतीबद्दल आणि अधिकृत निकालाबद्दल लिहितो, कारण वाद तिथेच होतात.

उन्हाळ्यात फ्रान्सची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे असते. बहुतेक टप्पे आपल्या दुपारी साडेतीन ते पाचच्या दरम्यान सुटतात आणि रात्री साडेआठ-नऊला संपतात, परंतु पॅरिसचा शेवटचा टप्पा रात्री अकराच्या सुमारास संपू शकतो. सायकलपटू आधी शहरातून संथपणे बाहेर पडतात आणि खरी शर्यत काही किलोमीटरनंतर सुरू होते; त्यामुळे ‘टप्पा सुरू होईपर्यंत’ अशी मोघम मुदत ठेवू नका. रोज भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजता फॉर्म बंद, इतके स्पष्ट लिहा. अमेरिकेतले मित्र असतील तर त्यांना आदल्या रात्रीच भरावे लागेल हेही सांगून ठेवा.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी आयोजकांच्या यादीत असेल तोच धरा. २०१७ मध्ये पीटर सगानला आधी दंड झाला आणि त्याच संध्याकाळी शर्यतीतून काढण्यात आले. टप्प्याला विजेताच नसण्याचीही तरतूद हवी: २०१९ मध्ये गारपीट आणि दरड यांमुळे तीन्यचा टप्पा मध्येच थांबवला गेला, ईझरान घाटमाथ्यावरच्या वेळा धरल्या गेल्या आणि टप्प्याचा विजेता जाहीर झालाच नाही. अशा दिवसाचे गुण सर्वांसाठी रद्द करावेत. मार्ग मुदतीआधी बदलला तर अंदाज सुधारू द्यावा, नंतर बदलला तर आहे तोच राहील. पॅरिसनंतर २४ तासांनी तुमचा निकाल कायमचा बंद करा, कारण २०१० ची पिवळी जर्सी काँतादोरकडून काढून अँडी श्लेकला देण्याचा निर्णय २०१२ मध्ये लागला.

बरोबरी सोडवण्यासाठी पहिल्या दोघांतले अंतर सेकंदांत विचारा. २०२० मध्ये ते ५९ सेकंद होते, २०२२ मध्ये २ मिनिटे ४३, २०२३ मध्ये ७ मिनिटे २९ आणि २०२५ मध्ये ४ मिनिटे २४. म्हणजे पिवळी जर्सी कोणाला हे सर्वांनी सारखेच लिहिले तरी या आकड्यावर मतभेद राहतातच.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. एकदाच नाव वापरण्याचा नियम आणि सर्वोत्तम १५ टप्पे मी गेल्या वर्षीच्या तक्त्यावर लावून पाहिले. विजेता तोच राहिला, पण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या आठ जणांत अवघ्या १४ गुणांचे अंतर दिसले, जे प्रत्यक्षात ६० होते. पिवळ्या जर्सीचे ५० गुण १५ वर आणून त्याजागी सेकंदांच्या अंतराला २० गुण देण्याचे ठरवत आहे.

एक प्रश्न मात्र राहिला. यंदा बार्सेलोनातला पहिलाच टप्पा सांघिक टाइम ट्रायल (प्रत्येक संघाने एकत्र, घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा) आहे, टप्पा संघ जिंकणार आणि तरी एकूण क्रमवारीसाठी प्रत्येक सायकलपटूची वेळ स्वतंत्र धरली जाणार. त्या दिवशी संघाचे नाव विचारावे की पहिली पिवळी जर्सी घालणाऱ्याचे? संघ विचारला तर ‘एकदाच’ नियमात तो कुठे बसवायचा तेही कृपया सांगावे. नियमपत्रक मला २८ जूनपर्यंत गटात पाठवायचे आहे.