पंचगंगेवरचा खर्च ‘पाण्यात गेला’ म्हणण्याआधी वही कुणाची ते बघा

कुरुंदवाडकर
‘आकडेमोड’ यांची परवाची पोस्ट दोनदा वाचली. एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या शुद्धीकरणावर ओतलेला पैसा वसूल होत नाही. अमेरिकेतसुद्धा नद्या स्वच्छ करायच्या १९७२ च्या कायद्यानंतर शहरांना सांडपाणी प्रकल्पांसाठी अनुदानं दिली, २०१९ साली त्याचा हिशोब छापून आला, आणि नदीजवळच्या घरांच्या किमती वाढल्या त्या अनुदानाच्या जेमतेम पाव हिश्श्याइतक्या. एक मैल नदी मासेमारीलायक करायला वर्षाला १५ लाख डॉलर लागले. तेव्हा नदीच्या नादी न लागता लोकांना लांबून स्वच्छ पाणी आणून द्यावं, ते स्वस्त पडेल.

साहेब, घराची किंमत हे माप तिकडं चालत असेल. तिकडं नळाच्या पाण्यासाठी १९७४ चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे पाणी पिऊन आजारी पडण्याचा बराचसा हिशोब त्या खात्यात जातो. तरीही अभ्यास करणाऱ्यांनीच लिहिलंय की घरांच्या किमतीत सगळा फायदा उतरत नसेल. तुम्ही तेवढं वाक्य गाळलंत. आमच्याकडं नदी जॅकवेलमधून टाकीत आणि टाकीतून घागरीत येते. मार्चमध्ये तेरवाड बंधाऱ्यावर या. बरगे म्हणजे अडवायच्या फळ्या घातलेल्या, पाणी तुंबलेलं, केंदाळ म्हणजे जलपर्णी पसरलेली आणि कडेला मेलेल्या माशांचा खच. तिथं उभं राहून फ्लॅटचा भाव कोण विचारणार?

आता लांबून पाणी आणण्याचं. कोल्हापूरनं दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन आणली. काम २०१४ ला सुरू, पाणी २०२३ च्या दिवाळीत. ५३ किलोमीटर, ४८८ कोटींच्या घरात खर्च. इचलकरंजी आधी पंचगंगेचं पाणी प्यायची, मग कृष्णेवर मजरेवाडीला गेली, मग वारणेवर दानोळीला जायला निघाली, आता दूधगंगेवर सुळकूडला. नदी नासवली म्हणून हे सगळं करावं लागलं, पण खर्च लिहिला जातो ‘पाणीपुरवठा’ या खात्यात. शुद्धीकरणाच्या खात्यात नुसता खर्चच दिसतो. वाचलेला पैसा दुसऱ्या वहीत असेल तर तो सापडणार कसा?

आणि शिरोळ तालुक्यानं कुठं जायचं? प्रयाग चिखलीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत जे जे नदीत सोडलं जातं ते शेवटी आमच्यात येतं. खर्च वरच्यांनी करायचा, फायदा खालच्यांना. म्हणून वरच्याला तो कधीच परवडत नाही.

एक घरातली गोष्ट सांगतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत कावीळ पसरली तेव्हा माझी आतेबहीण तिथं होती. सातवा महिना. गरोदर बाईला ही कावीळ किती वाईट असते ते आम्हाला तेव्हा कळलं. ती वाचली, बाळ नाही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते आकडेमोडांनी सांगावं.

आकडेमोड
तुमच्या बहिणीबद्दल खरंच वाईट वाटलं. त्यावर वाद घालणार नाही.

पण नदी घाण राहू द्या असं मी कुठं म्हटलं? मी म्हटलं की दिलेल्या रुपयातून काय मिळतं ते बघा. कसबा बावड्याचं ७६ एमएलडीचं, म्हणजे दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं, सांडपाणी केंद्र आहे, दुधाळीचं १७ चं आहे. कागदावर क्षमता भरपूर. पण जयंती नाल्याचं पाणी उपसा करून बावड्याला न्यावं लागतं. वीज गेली, पंप बिघडला की नाला बांधावरून सरळ नदीत. बांधायला केंद्राचा, राज्याचा पैसा येतो, उद्घाटन होतं. चालवायचं वीजबिल मात्र महापालिकेच्या गळ्यात. बंद पंपाचा फायदा शून्य, मग तो बांधायला कितीही कोटी लागलेले असोत.

दुसरं, ४८८ कोटी सगळेच्या सगळे प्रदूषणाच्या नावावर टाकू नका. शहर वाढलंय. नदी काचेसारखी असती तरी पाणी वाढवावं लागलंच असतं. तुमचीही वही तेवढी चोख नाही.

कुरुंदवाडकर
सगळे नाहीत, मान्य. निम्मे धरा. पाव धरा. शून्य धरू नका, एवढंच मागतोय.

मागवाला
पंचगंगा म्हटलं की सगळ्यांची बोटं इचलकरंजीकडं वळतात. माझं सुताला खळ लावायचं सायझिंग आहे, भावाचा वाटा कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसमध्ये आहे. कुणी विचारलंय का आम्हाला काय खर्च येतो? आधी सांडपाणी साफ करायचा स्वतःचा ईटीपी, मग सगळ्यांच्या सामाईक १२ एमएलडीच्या सीईटीपीची वर्गणी. केमिकलचा दर वाढतो, विजेचा वाढतो. कापडाची मजुरी मीटरमागं पैशांत मोजतात, आणि चार आणे वाढवून मागितले की व्यापारी माल भिवंडीला नेतो. आमच्या पाण्याला रंग असतो म्हणून ते दिसतं. कोल्हापूरच्या मैल्याला रंग नसतो, म्हणून तो पवित्र काय?

आणि फायदा खालच्यांना म्हणता, तर आम्हीही खालचेच. कोल्हापूरचं सगळं आमच्या दारावरून जातं. घरात चार-पाच दिवसांनी नळ येतो. सुळकूड योजना मंजूर आहे, १६० कोटींची, केंद्राच्या अमृत योजनेतली. ती का अडली ते सुळकूडकडच्या कागलकरांना विचारा.

दूधगंगाकाठ
नाव घेतलंत म्हणून लिहितो, नाहीतर नुसतं वाचत होतो.

अडली कारण आम्ही अडवली, आणि परत अडवू. तुमच्या गावाला बारमाही नदी खेटून आहे. तिचं गटार केलंत. कृष्णेची योजना आहे, तिची पाईप फुटते ती नीट करत नाही. वारणेला गेलात, दानोळीकरांनी परत पाठवलं. आता आमच्याकडं. उद्या दूधगंगाही नासली की कुठं जाणार, हिरण्यकेशीवर?

एप्रिल-मेमध्ये सुळकूडच्या खाली नदीत पाय भिजत नाही. काळम्मावाडीच्या धरणाला गळती आहे. कर्नाटकचाही वाटा आहे. माझ्या आज्याची जमीन कालव्यात गेली, आणि आमच्या शेवटच्या चाऱ्यांना अजून पाणी नाही.

मागवाला
पाणी काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे? कोल्हापूरची थेट पाईपलाईन त्याच काळम्मावाडीतून गेली. तेव्हा तुमची नदी आटत नव्हती का? मोठ्या शहराला वाट दिली आणि आमच्या कामगारांच्या गावाला पाणी नको म्हणता. पिण्याचं पाणी मागतोय, मागावर मारायला नाही.

दूधगंगाकाठ
मागावर मारायला नाही हे लिहून देता? सायझिंगला, बॉयलरला पाणी कुठून आणता? बोअरचं म्हणू नका, बोअर कधीच खारावल्यात.

मागवाला
तुम्ही गावात येऊन एक आठवडा राहून दाखवा, मग बोला. आमची आई पंच्याहत्तर वर्षांची, पहाटे साडेतीनला नळाला जागी असते.

पांढरा रस्सा
कोल्हापूरकर म्हणून सांगतो, आमची चूक आहे. पण साखरपट्ट्याबद्दल कुणीच का बोलत नाही? नदीकाठी दोन्हीकडं ऊस. युरिया, तणनाशक, सगळं वाहून नदीतच येतं. शिरोळमध्ये जमिनी क्षारपड झाल्या त्या काय प्रोसेसमुळं? पाटानं पाणी सोडून झोपायचं, आणि उठून शहराला शिव्या द्यायच्या.

कुरुंदवाडकर
क्षारपड जास्त पाण्यानं झाली हे खरं आहे. माझीच दीड एकर गेली आहे त्यात. पण शेतातला युरिया आणि नाल्यातला मैला एका मापानं मोजू नका रस्सासाहेब. युरियानं कावीळ होत नाही.

धागा सुळकूडवर गेलाय. विषय नदीचा आहे.

दूधगंगाकाठ
विषय हाच आहे. तुम्हीच लिहिलंत ना की लांबून आणलेलं पाणी हा नदी नासवल्याचा खर्च? मग तो खर्च नुसता रुपयात नाही, ज्याच्या नदीतून उचलता त्याच्याही माथ्यावर येतो. ते कुठल्या वहीत लिहिलंत? १६० कोटींच्या अंदाजपत्रकात माझ्या वाळलेल्या उसाचा आकडा नाही.

कुरुंदवाडकर
बरोबर आहे. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये ते राहिलं. लिहायला हवं होतं.

घाटावरची
मी शिक्षिका, शिरोळ तालुक्यातच. वरची सगळी भांडणं वाचली. पाण्यावर इतकं लिहिलंत, पण पाणी भरणाऱ्या बाईचा वेळ एकानंही धरला नाही. मागवालेदादांनी आईचं सांगितलं, पण तेही भांडणात टोला म्हणून.

आमच्या गावात नदीचं पाणी फक्त वापरायला घेतात. प्यायला जार. तीस रुपयांचा एक, रोज एक. वर्षाला दहा हजार नऊशे पन्नास. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांच्या आया टोळीनं भांगलणीला जातात, त्यांच्या घरी जार येत नाही. ती मुलं शाळेतली टाकी पितात, आणि पोट दुखतं म्हणून घरी बसतात. बुडालेली शाळा आणि बुडालेला रोज धरा. मग आकडेमोडदादांचा पाव हिस्सा किती वर जातो ते बघा.

शिवाय नदी फार काळी पडली की लोक ओरडतात, मग राधानगरीतून पाणी सोडून घाण पुढं ढकलतात. ते पाणी शेतीचं असतं. म्हणजे आम्ही शाहू महाराजांच्या धरणाचं पाणी गटार धुवायला वापरतो. ही किंमतही कुणी धरत नाही, कारण त्याचं बिल येत नाही.

आकडेमोड
ताई, जार आणि राधानगरी हे दोन्ही मुद्दे मी धरले नव्हते. जारचा खर्च तर सरळ मोजता येतो, गावागणिक. मान्य करतो, आणि हेही मान्य करतो की मला ते सुचायला हवं होतं. मी तीस वर्षं अंदाजपत्रकं केली आहेत.

तरीही माझा मूळ हट्ट सोडत नाही. नवीन केंद्राला एक रुपया देण्याआधी जयंती नाल्यावरचे पंप महिन्यात किती तास चालले आणि वीजबिल किती आलं, ते फलकावर लावा. शेजारी तेरवाडच्या पाण्याचा बीओडी लावा, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचा आकडा. अंघोळीच्या पाण्याला लिटरमागं तीन मिलिग्रॅमची मर्यादा आहे, शाळेतली पोरंही वाचतील. तास वाढले आणि बीओडी उतरला, तर मी स्वतः लिहीन की पैसा वसूल झाला.

पांढरा रस्सा
फलक लावला तर पंप बंद ठेवल्याबद्दल जबाब द्यावा लागेल. म्हणून कुणी लावत नाही.

कुरुंदवाडकर
मग मागायला हवा. उच्च न्यायालयात याचिका झाली, नीरी या सरकारी संशोधन संस्थेचा अहवाल झाला, पण साधा तासांचा आकडा आपल्याला मिळत नाही. आकडेमोड, तुमच्याशी मी बरंच भांडलो, पण फलकाचं निवेदन तुम्ही लिहा. तेरवाड, शिरढोण, कुरुंदवाडच्या सह्या मी आणतो.

आकडेमोड
लिहितो. पण ‘नदी आमची माता’ वगैरे त्यात येणार नाही. तास, युनिट, बीओडी, बस्स.

मागवाला
त्या फलकावर सीईटीपीचाही आकडा लावा. आम्ही वर्गणी भरतो, आम्हालाही कळू दे.

दूधगंगाकाठ
हे पहिल्यांदा बरोबर बोललात. सीईटीपीचं पाणी जिथून बाहेर पडतं ते मला दाखवा. काळा ओढाही दाखवा. पाणी साफ दिसलं, तर सुळकूडच्या पुढच्या बैठकीला मी बोलणार नाही. पाठिंबा देणार नाही, नुसता गप्प बसेन. आणि रविवारी सकाळी नको. कामाच्या दिवशी, रात्री बारानंतर.

मागवाला
या. गुरुवारी या, मी मोटरसायकल घेऊन नाक्यावर उभा राहतो. सगळे तसे नाहीत हे आधीच सांगतो, पण रात्री झडप उघडणारे दोन-चार आमच्यातच आहेत आणि त्यांच्यामुळं वर्गणी भरणारा मार खातो. ओढा दाखवतो. फक्त कुणी आणलं ते पुढं सांगू नका, मला त्यांच्याच शेजारी माग चालवायचेत.