मूर्ती नाही म्हणजे धोका नाही?
वर एकांनी लिहिलंय की घरात मूर्ती नाही, चर्चमध्ये नाही, मग मूर्तिपूजेचा प्रश्न आमच्यासाठी उरतोच कुठे. मला नाही पटलं हे. बायबलमध्ये २ राजे १८:४ काढून बघा, हिज्कीया राजाने मोशेचा (इस्राएली लोकांना मिसरातून बाहेर काढणारा पुढारी) पितळेचा साप फोडून टाकला. आता हा साप काही परक्या देवाचा नव्हता, देवानेच मोशेला सांगून करवून घेतलेला (गणना २१), साप चावलेली माणसं त्याच्याकडे बघून जगली, आणि पुढे कित्येक पिढ्यांनी लोक त्यालाच धूप जाळायला लागले!! म्हणजे देवाने दिलेली चांगली गोष्टच देवाच्या जागी जाऊन बसली, आणि हे पटकन कळतही नाही. लोकांनी पुजायला करून घेतलेल्या सोन्याच्या वासरापुढेही मोशेचा भाऊ अहरोन 'उद्या परमेश्वरासाठी उत्सव' असंच म्हणाला होता (निर्गम ३२:५), नाव देवाचंच, देव मात्र आपल्या सोयीचा.

आज हेच सेवाकार्याचं होतं, वर्शिप टीमचं (चर्चमध्ये गाणी चालवणाऱ्यांचं) होतं, पास्टरचं तर सर्रास होतं, त्यांना साधा प्रश्न विचारला तरी लोक अंगावर येतात. पैशाबद्दल प्रेषित पौल तर आपल्या पत्रात सरळ लिहितो की लोभ म्हणजे मूर्तिपूजा (कलस्सै ३:५), पण यावर प्रवचन ऐकलंय कधी?

बाकी कॅथलिक पुतळ्यांचा वाद जुनाच आहे, इ.स. ७८७ च्या नायसिया परिषदेने (चर्चच्या धर्मगुरूंच्या सभेने) आदर वेगळा आणि आराधना वेगळी असं म्हटलेलं, पटो न पटो, पण सगळे पुतळ्यांवरच भांडत बसले की लोभाचा विषय आपसूक बाजूला पडतो.